एसी आहे का घरात?

फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबट, छोटा पाळीव प्राणी) दत्तक मागणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारते. बऱ्याच जणांना तो झोंबतो. "आमची ऐपत तपासताय की काय?" असं एका काकांनी फोनवर ऐकवलं होतं. ऐपत नाही हो काका, एप्रिल तपासते.

फेरेटला आपल्यासारखा घाम येत नाही. पारा तिशीच्या पुढे गेला की ते तोंड उघडून धापा टाकतं, आणि वेळीच गार केलं नाही तर उष्माघातानं मरतं. फेरेट मूळचं थंड हवेतलं: युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्याला माणसानं सशांच्या शिकारीसाठी माणसाळवलं, त्याचंच हे फेरेट, त्याला दोन हजार वर्षं तरी झाली. त्यामुळे दिवाळी ते शिवरात्र पुण्याची हवा त्याला झकास मानवते, आणि लोक घेतात तेही याच दिवसांत. मग मार्च उजाडतो. "बाळाला अ‍ॅलर्जी आहे हो", "आमची बदली झाली", असे फोन सुरू होतात. जरा खोदून विचारलं की वास, चावणं आणि लाइटबिल, यातलं काहीतरी बाहेर येतंच.

आमच्या धनकवडीच्या फ्लॅटमधली मागची बेडरूम त्यांची. होळीनंतर तिथला एसी दिवसरात्र चालू. गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते, आणि इन्व्हर्टरवर एसी ओढत नाही. म्हणून बुधवारी रात्री आमच्या फ्रीजरमध्ये आइस्क्रीमला जागा नसते, नुसत्या पाण्याच्या बाटल्या. सकाळी त्या जुन्या पंच्यात गुंडाळून ठेवायच्या आणि फरशी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायची. पंत (आमचा सर्वांत म्हातारा नर, तोंडावरचे केस पार पिकलेत) लगेच येऊन चारी पाय चार दिशांना टाकून पालथा पसरतो आणि हनुवटी बाटलीवर ठेवतो. लाइट आली तरी उठत नाही.

दुसरा प्रश्न खाण्याचा. हा पूर्ण मांसाहारी जीव. आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. पोळी, फळं, दूधभात यातलं त्याला काही पचत नाही. "आम्ही शुद्ध शाकाहारी, पण अंडं चालवून घेऊ" म्हणणाऱ्यांना मी हात जोडते. मात्र काही जणांना पाकिटातली कोंबडी चालते, कढईतली चालत नाही. असे लोक पुण्यात पुष्कळ, आणि त्यांना मी नाही म्हणत नाही. मांजरीच्या पिल्लांचं चांगलं, भरपूर मांस असलेलं कोरडं खाणं फेरेटला चालतं. कुत्र्याचं मुळीच नाही. माझा चिकनवाला कलेजी-पेटा आणि माना बाजूला काढून ठेवतो. ते मांजरांसाठी नेते अशी त्याची समजूत आहे आणि मी ती मोडलेली नाही.

मादी असेल तर गोष्ट आणखी वेगळी. नसबंदी न केलेली मादी माजावर आली आणि नर मिळाला नाही, तर माज आपणहून उतरत नाही, महिनोन्‌महिने राहतो. त्या काळात अंगात वाढलेलं इस्ट्रोजेन हाडांतला मगज निकामी करतं आणि रक्तच तयार होईनासं होतं. चिंगी आमच्याकडे आली ती अशी. "पिल्लं काढायची होती, नर काही जमला नाही," असं देणारा सहज म्हणाला. मी तिचा ओठ बोटानं वर केला, तर हिरडी कागदासारखी पांढरी. पोटावर, कुठे मार लागलेला नसताना, जांभळे डाग. डॉक्टरांनी जमेल ते सगळं केलं, पण ती गेली. इथे फेरेटला हात लावणारे डॉक्टर मोजके. तरी माझ्याकडून एकही मादी ऑपरेशनशिवाय बाहेर जात नाही, मग मागणाऱ्याला कितीही घाई असो.

घर बघायला मी स्वतः जाते. चहा नंतर, आधी टॉर्च घेऊन जमिनीवर आडवी होते. फ्रिजची मागची बाजू, वॉशिंग मशीनच्या पाइपाचं भोक, ओट्याखालच्या फटी. डोकं गेलं की अख्खं फेरेट जातं. रिक्लायनर खुर्ची असेल तर ती हलवा, नाहीतर फेरेट विसरा. त्याच्या सांध्यात चिरडून मेलेली फेरेटं आहेत. रबराचं तर त्यांना वेडच. स्लिपरचे पट्टे, रिमोटची बटणं, इअरफोनची टोकं चावून गिळतात आणि आतडं तुंबतं. कुत्रा असेल तर त्याचं लसीचं कार्ड दाखवायला लागतं, कारण डिस्टेंपर (कुत्र्यांना होणारा विषाणूचा आजार) झालेलं फेरेट जवळजवळ वाचतच नाही. आपला फ्लूही त्यांना लागतो. मला खोकला झाला की त्या खोलीत नवरा जातो आणि माझ्याहून जास्त कुरकुर करतो.

सोसायटीत अजूनही "मुंगूसवाल्या बाई" हीच माझी ओळख. मुंगूस पाळायला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे एकदा तक्रारही झाली. साहेब आले. नेमकी तेव्हा लाडू, आमची एक फेरेट मादी, रंगात आलेली, पाठीची कमान करून, तोंड वासून, आडव्या उड्या मारत कुक-कुक करत भिंतीवर आपटत होती. "चवताळलीय का?" ते दारातूनच. म्हटलं, खेळायला बोलावतेय तुम्हाला. पाच मिनिटांत त्यांच्या बुटाची नाडी सुटली होती. खरं मुंगूस आमच्या पार्किंगमागच्या नाल्यात राहतं, रोज सकाळी भिंतीवरून जातं, त्याच्याकडे कोणी बघत नाही.

सध्या लाडू आणि तिची बहीण शेव, दोघी द्यायच्या आहेत. एकत्रच. दोघींची नसबंदी झालीय, लशी झाल्यात. शेव पहिला आठवडा पायाच्या अंगठ्याला चावेल. तिला ओरडू नका, उचलून बाजूला ठेवा. दिवसाचे चौदा-पंधरा तास झोपतील, तेव्हा मेल्या समजून घाबरून मला फोन करू नका. नाहीच जमलं तर त्या परत माझ्याकडेच येतील, मित्राला, भाच्याला देऊन टाकायच्या नाहीत. हे मी कागदावर लिहून घेते आणि खाली सहीही घेते.