बागायतीच्या वाटेवर गाडी रुतली तर

गोव्यात सत्तरी तालुक्यात आमची काजूची बागायत आहे. वाळपईच्या पुढे डांबर संपलं की तांबडी माती, जांभ्याचे दगड आणि मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा. काजूच्या हंगामात मी जवळजवळ रोज त्या वाटेने वर जाते, बोलेरोने, तीही फोर बाय फोर नसलेली. ऑफरोडिंगची हौस म्हणून नव्हे. तिकडे दुसरा रस्ताच नाही.

माझा पुतण्या मात्र हौसेने येतो. पणजीहून थार घेऊन येतो आणि मागच्या बाजूला दुकानच मांडलेलं असतं: विंच (तार गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र), ट्रॅक्शन बोर्ड (रुतलेल्या चाकाखाली घालायच्या फळ्या), शॅकल (दोरी जोडायची लोखंडी कडी), दोऱ्या. गेल्या हंगामात मी त्याला विचारलं, "स्टेपनीत हवा किती?"
"असेल की, आत्या."
हवेचा दाब मोजायचा गेज लावला तर फक्त बारा पीएसआय. एवढ्या सामानात गेजही त्याचा नव्हता, माझा होता.

म्हणून माझी तयारी दारातच सुरू होते. स्टेपनीत हवा भरायची आणि चाकाचा एक नट हाताने सोडवून बघायचा. पंक्चरवाले गनने नट इतके आवळतात की गाडीसोबत मिळालेल्या पान्याने ते हलतसुद्धा नाहीत. त्यासाठी मी पान्यावर बसेल असा हातभर लोखंडी पाइप ठेवते. जॅकखाली घालायला फणसाच्या फळीचा तुकडाही असतो. ओल्या मातीत बॉटल जॅक उभा केला की गाडी जागेवरच राहते, जॅक मात्र खाली जातो. फळी ठेवली की तो टिकतो.

ट्युबलेस टायरची पंक्चर किट ठेवा, पण जांभ्याच्या धारेने टायर बाजूने चिरला तर ती किट कामाची नाही. प्लग बसतो तो फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागात. बाजूची भिंत फाटली की स्टेपनीच लावावी लागते. म्हणून दगड चाकांच्या मधून काढायच्या भानगडीत न पडता त्याच्यावर हळूच चाक चढवावं. बाजूने घासत गेला की टायर गेलाच. चिखलात मी हवा वीसपर्यंत उतरवते, म्हणजे टायर जमिनीवर जास्त पसरतो आणि पकड मिळते. पण परत डांबरावर येण्याआधी ती भरायची असते, नाहीतर टायर तापतो. छोटा कॉम्प्रेसर हवाच.

आता दोरी. माझ्या मते अख्ख्या रिकव्हरीत, म्हणजे रुतलेली गाडी बाहेर काढण्यात, माणूस मरतो तो इथे, चिखलात नव्हे. रुतलेली गाडी कुठेही पळत नाही. ताणलेली दोरी किंवा तुटलेला हूक मात्र काचेतून आत येऊ शकतो. पुतण्याच्या गाडीत दोन दोऱ्या सापडल्या आणि दोन्हींना तो एकच नाव देत होता. एक साधा टो पट्टा. तो फारसा ताणला जात नाही, म्हणून हळू, सरळ ओढायला ठीक. दुसरी कायनेटिक. ती रबरासारखी ताणली जाते आणि परत येताना रुतलेल्या गाडीला झटका देऊन वर काढते. साध्या पट्ट्याने झटका मारला तर तो झटका थेट हूकवर जातो.

आणि हूक म्हणजे कुठला? गाडीखाली जी पातळ लोखंडी वळी असते ती गाडी जहाजात किंवा ट्रकवर बांधून न्यायला असते. बंपरमध्ये फिरवून बसवायचा हूक सपाट रस्त्यावर टो करायला. झटक्याचं काम फक्त चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्ट केलेल्या रिकव्हरी पॉइंटचं. शोरूमबाहेर वेल्डिंग करून बसवलेल्या बंपरच्या हूकवर मी दोरी बांधू देत नाही, मग मालक कितीही तगादा लावू दे. ट्रेलर जोडायच्या गोळ्यावर, टो बॉलवर, तर मुळीच नाही.

विंच लावताना झाडाला रुंद पट्टा गुंडाळायचा, तार थेट झाडाला नाही. झाडाची साल कापली जाते. काजूचं झाड मी निवडत नाही, लाकूड ठिसूळ. आमच्या हद्दीवर एक जुना माट्टी (ऐन) आहे, तो चालतो. ताणलेल्या दोरीवर मध्यभागी ओलं गोणपाट टाकावं, म्हणजे दोरी तुटली तरी उसळी कमी होते. आणि बघ्यांना दोरीच्या लांबीपेक्षा जास्त लांब उभं करावं. हे शेवटचं सर्वांत कठीण. आमच्याकडे गाडी रुतली की अर्धी वस्ती सूचना द्यायला जमते आणि प्रत्येकाला दोरीजवळच उभं राहायचं असतं.

माझा पुतण्या म्हणतो, "आत्या, एवढं करायचं तर मजा काय?" मी त्याला आधी फावडं घ्यायला लावते. चाकांपुढची माती काढली, खाली दगड नि फांद्या भरल्या, हवा उतरवली की बहुतेक वेळा दोरी लागतच नाही.

डोंगरात रेंज जाते. निघताना घरात सांगून ठेवते कुठल्या वाटेने जाते आणि कधीपर्यंत परतेन, आणि त्या वेळेनंतर कुणाला फोन करायचा. तिथे माझ्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर 112 लागू शकतो, म्हणून आधी तो लावून बघावा.

व्हाळाबद्दल एकच. उतरायच्या आधी चालत जाऊन तळ बघावा. काठी टेकवावी आणि पाणी हवेच्या फिल्टरच्या तोंडापर्यंत येणार असेल तर परत फिरावं. कुळ्याहून दूधसागरला प्रवासी नेणारे जीपवाले ओढे ओलांडताना बघा: सावकाश, एकाच वेगात, मध्ये न थांबता. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत सेल्फ मारू नका. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग खर्च गाडीच्या किमतीकडे जातो. गाडी ढकलून बाहेर काढा आणि टो करून मेकॅनिककडे न्या. चालू गाडीने पलीकडे गेलात तर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर चला, ते सुकतात. आणि दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचं (चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीचं) तेल बघा. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, ते बदलल्याशिवाय गाडी काढू नका.