व्हॉल्यूम वाचायला शिकताना: डिचोलीच्या एका दुकानदाराचा अनुभव

गोव्यात डिचोलीला माझं हार्डवेअरचं दुकान आहे. आमच्याकडे दुकानं दुपारी एकला बंद होतात ती चारलाच उघडतात. शेअर बाजार साडेतीनला बंद होतो, म्हणजे बाजाराचे शेवटचे अडीच तास मला रोज मोकळे मिळतात. शेअरकडे वळलो ते मात्र हौसेने नाही. 2012 च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, ट्रक दारात उभे राहिले आणि ट्रकवाल्यांवर चालणारा माझा नट-बोल्ट, वायररोप, ग्रीसचा धंदा निम्म्यावर आला. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, तेव्हा पुन्हा उभं राहायची आशाही गेली. घरात दुसरं काहीतरी उत्पन्न यायलाच हवं होतं.

पहिला मार बसला 2021 मध्ये. एका स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपनीच्या, शेअरचा व्हॉल्यूम, म्हणजे दिवसभरात सौदे झालेल्या शेअरची संख्या, एका दिवसात रोजच्या अकरा पट झाला होता. चार्टच्या तळाशी उभी राहिलेली ती हिरवी दांडी मला अजून दिसते. एवढी खरेदी चाललीय म्हणजे मोठं कोणीतरी शिरतंय, असं धरून 96 रुपयांनी 1500 शेअर घेतले. दुसऱ्या दिवशी लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव पडू शकतो त्याची शेवटची मर्यादा, 91.20. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विकायला लावलेली ऑर्डर तशीच पडून राहायची, कारण समोर घेणारा नाही. लाखांत असलेला व्हॉल्यूम काही हजारांवर आला. सातव्या दिवशी सर्किट सुटलं तेव्हा 71 ला बाहेर पडलो. साडेसदतीस हजार गेले, आणि ते मुलीच्या फीसाठी बाजूला काढलेल्यातले होते.

पर्वरीला राहणारा माझा पुतण्या सीए करतोय. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘‘काका, त्या दिवशी डिलिव्हरी किती होती, बघितलीत?’’

मला तो शब्दच नवीन होता. एनएसई रोज प्रत्येक शेअरचा आकडा देते: एकूण किती शेअरचे सौदे झाले आणि त्यातले किती खरोखर कोणाच्या डीमॅटमध्ये गेले. उरलेले त्याच दिवशी घेतले आणि त्याच दिवशी विकले गेलेले. माझ्या शेअरची त्या दिवसाची डिलिव्हरी 9 टक्के निघाली. म्हणजे शंभरातले एक्क्याण्णव शेअर नुसते या हातातून त्या हातात फिरत होते. मी त्यालाच खरेदी समजलो होतो.

त्यानंतर पाच महिने एकही शेअर घेतला नाही, फक्त लिहिलं. उधारीची लांब वही असते, तशी एक घेतली आणि वीस शेअर निवडले. रकाने सात: तारीख, बंद भाव, व्हॉल्यूम, मागच्या वीस दिवसांची सरासरी, सरासरीच्या किती पट, डिलिव्हरी टक्के, आणि बंद भाव दिवसाच्या टप्प्यात कुठे आला ते: वर, मध्ये की खाली. बोनस किंवा स्प्लिट होऊन शेअरची संख्या वाढली की जुना व्हॉल्यूमही त्या हिशेबात बदलून घ्यायचा, आणि दिवाळीचं मुहूर्त ट्रेडिंग सरासरीत धरायचं नाही. तो एका तासाचा बाजार, सरासरी उगाच खाली ओढतो.

शेवटचा रकाना मी स्वतःहून घातला आणि मला वाटतं तोच सर्वांत कामाचा. कारण व्हॉल्यूम हा नेहमी दोघांचा असतो. पाच लाख शेअर कोणी घेतले म्हणजे पाच लाख कोणीतरी विकलेही. डिलिव्हरी साठ टक्के असली तरी माल कोणाच्या तरी घरात गेला आणि कोणाच्या तरी घरातून निघाला, एवढंच कळतं. जोर कोणाचा होता हे बंद भाव सांगतो. तिप्पट व्हॉल्यूम होऊन शेअर दिवसाच्या वरच्या टोकाला बंद झाला तर घेणारे भाव वर ओढून घेत होते. तोच तळाशी बंद झाला, तर विकणाऱ्याला गर्दी मिळाली आणि त्याने माल खपवला.

ओबीव्ही, म्हणजे ऑन-बॅलन्स व्हॉल्यूमही बघायला लागलो. 1963 मध्ये जोसेफ ग्रॅनव्हिल यांनी तो लोकांसमोर आणला. रीत अगदी साधी आहे. आज कालच्यापेक्षा वर बंद झाला तर आजचा सगळा व्हॉल्यूम मिळवायचा, खाली झाला तर सगळा वजा करायचा. खोट हीच की शेअर दहा पैशांनी वर गेला तरी दिवसभराचा व्हॉल्यूम पूर्ण मिळवला जातो. म्हणून त्याचा आकडा मी बघत नाही, रेघ कुठे चाललीय ते बघतो. भाव एकाच पट्ट्यात अडकलाय आणि ओबीव्हीची रेघ हळूहळू चढतेय, असा शेअर दिसला की त्याच्याखाली लाल रेघ ओढतो.

पाइप बनवणाऱ्या एका कंपनीचा शेअर असाच सापडला. सात आठवडे 412 ते 440 च्या मध्ये. रोजचा व्हॉल्यूम एक लाख ऐंशी हजारांच्या आसपास, ओबीव्ही मात्र चढता. मग एका मंगळवारी 7 लाख 40 हजार शेअरचे सौदे झाले, डिलिव्हरी 58 टक्के, आणि भाव 446 ला, दिवसाच्या उच्चांकाला खेटून बंद. 2021 चा मी दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानवालाच घेऊन मोकळा झालो असतो. या वेळी थांबलो. पुढचे तीन दिवस भाव थोडा थोडा खाली येत गेला आणि व्हॉल्यूम आटत गेला: दीड लाख, एक लाख दहा हजार, नव्वद हजार. भाव उतरतोय, पण विकायला कोणी पुढे येत नाही, ही खूण मला हवी होती.

चौथ्या दिवशी दुकान बंद करून घरी आलो, जेवलो आणि अडीच वाजता मोबाइल घेऊन बाल्कनीत बसलो. व्हीवॅपची रेघ लावली. ती म्हणजे त्या दिवसाच्या सगळ्या सौद्यांची शेअरच्या संख्येनुसार काढलेली सरासरी. खिळ्यांची गोणी तीन वेगवेगळ्या दरांनी आली की आपण पडता काढतो, तसंच. सकाळपासून त्या रेघेखाली असलेला भाव पावणेतीनला तिच्यावर आला आणि तिथेच टिकला. 438 ला 200 शेअर घेतले. 424 च्या खाली बंद झाला तर विकायचा, हे घेण्याआधीच वहीत लिहिलं होतं.

घेणं शिकलो, विकायला शिकवलं माटोळीच्या बाजाराने. माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती फळांची आरास. चवथीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बाजारात पाय ठेवायला जागा नसते. सुपारीचे घड, आंबाडे, तोरिंग, कांगले, नारळांचे घोस. संध्याकाळी गर्दीही सर्वांत जास्त आणि भावही सर्वांत चढा. त्या वर्षी सत्तरी तालुक्यातून आलेल्या एका बाईने सहाच्या सुमाराला, ऐन गर्दीत, उरलेला सगळा माल कमी दराने देऊन टाकला आणि टोपल्या आवरल्या. मी विचारलं तर म्हणाली, ‘‘ज्यांना न्यायचं होतं ते आत्ता नेतायत. आठ वाजता कोण येणार?’’ रात्री खरोखरच शेजारचे विक्रेते तोरिंग मागतील त्या भावात देत होते.

पाइपचा शेअर दोन महिन्यांत 560 पर्यंत गेला. मग एक दिवस असा आला: व्हॉल्यूम 19 लाख, भाव 575 ला टेकून 541 ला बंद, दिवसाच्या तळाजवळ. डिलिव्हरी 17 टक्के. बातम्यांत आणि व्हॉट्सॲपवर तोच शेअर. ती बाई आणि तिच्या टोपल्या डोळ्यांसमोर आल्या. दुसऱ्या दिवशी 544 ला 100 शेअर विकले. उरलेले ठेवले. पंधरा दिवसांनी भाव पुन्हा 570 वर गेला, पण ओबीव्ही आधीच्या उंचीला पोचला नाही. तेव्हा तेही 566 ला काढले.

मित्र विचारतात, एवढं येतंय तर इंट्राडे, म्हणजे त्याच दिवशी घेऊन त्याच दिवशी विकणं, का करत नाहीस. सेबीने जुलै 2024 मध्ये आकडे दिले: 2022-23 या आर्थिक वर्षात कॅश बाजारात इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांचं नुकसान झालं. मला माझे अडीच तास पुरेत.

आणि वहीही चुकते. मागे मार्चअखेर एका शेअरचा व्हॉल्यूम आठ पट झाला, बहुतेक सगळा शेवटच्या अर्ध्या तासात. डिलिव्हरी 71 टक्के, बंद भाव वरच्या टोकाला. सातही रकाने हो म्हणत होते. घेतला, आणि दोन आठवड्यांत सहा टक्के खाली आला. नंतर कळलं, तो शेअर निफ्टीच्या एका निर्देशांकात नव्याने गेला होता. हे बदल मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीला लागू होतात, आणि इंडेक्स फंडांना तो शेअर मिळेल त्या भावात घ्यावाच लागतो. त्यांची खरेदी एका दिवसात संपली, पुढे घेणारं कोणी राहिलं नाही.

तेव्हापासून वहीत आठवा रकाना आहे: कारण. निकाल, ऑर्डर, निर्देशांकातला बदल, मोठ्या भागधारकाची विक्री, जे असेल ते. काल पंप बनवणाऱ्या एका कंपनीचा व्हॉल्यूम सहा पट झालाय, डिलिव्हरी 54 टक्के, बंद भाव वर. एक्स्चेंजवर कंपनीची घोषणा शोधली, बल्क डीलची, म्हणजे मोठ्या सौद्यांची, यादी बघितली, काहीच नाही. आठवा रकाना कोरा आहे, म्हणून आज दुपारी तो शेअर नुसता बघितला आणि चारला जाऊन दुकान उघडलं.