मंजिऱ्यांचा वाद

गच्चीवर मधमाश्या याव्यात म्हणून मी मागच्या हिवाळ्यात नर्सरीत गेले. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं घर जुनं, गच्ची ऐसपैस, ऊन भरपूर. नर्सरीवाल्या काकांनी झालरीदार पेटुनिया आणि गच्च भरलेला झेंडू पुढे केला. "एकदम डबल छे, बेन!" मी भुलले. दोन आठवडे गच्ची हळदीकुंकवाला नटल्यासारखी, पण पाहुणी एकही नाही.

गोम त्या 'डबल'मध्येच होती. दुहेरी पेटुनियाच्या जादा पाकळ्या म्हणजे मुळात पुंकेसरच, पाकळी होऊन बसलेले. झेंडूतही मधल्या बारीक नळीदार फुलांची जागा पाकळ्यांनी खाल्लेली. पराग कमी, आणि मकरंद असलाच तरी त्या गर्दीत सोंड घालायला वाट नाही. पंगत मोठी, पानं रिकामी.

आणि तिथेच, रंगाच्या जुन्या डब्यात, सब्जा आपसूक उगवला होता. त्याची फुलं नखाएवढीसुद्धा नाहीत, पांढरट, कुणी फोटो काढणार नाही अशी. पण सकाळी नऊला तिथे झुंबड! सातेरी मधमाशीपेक्षाही चणीने लहान, पोटाला तांबूस पट्टा असलेल्या फुलोरी जातीच्या मधमाश्या. त्यांतली एक मंजिरीच्या तळाशी उतरायची, फुलाच्या खालच्या ओठाला धरून डोकं आत खुपसायची आणि मग एकेक फूल करत शेंड्याकडे चढायची. पायरी चुकवायची नाही.

फुलं कुठे आहेत ते मधमाशी पोळ्यावर नाचून सांगते; त्या नाचाचा अर्थ लावणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल मिळालं. सातेरी माशी अंधाऱ्या पोकळीत, उभ्या पोळ्यावर नाचते. फुलोरीचं पोळं मात्र उघड्यावर, फांदीला धरून. ती त्याच्या सपाट माथ्यावर नाचते आणि तिच्या नाचाची रेघ थेट फुलांकडेच जाते. समोरच्या वाड्यातल्या लिंबाच्या झाडात तळहाताएवढं पोळं दिसलं, तेव्हापासून माझ्या मनात एकच: तिथे कुणीतरी आमच्या गच्चीच्या दिशेने नाचतंय.

मग मी तुळशीच्या मंजिऱ्याही खुडायच्या नाहीत असं ठरवलं, आणि घरात वाद पेटला. सासूबाईंचं म्हणणं, "मंजिऱ्यांचा तुळशीला भार होतो. खुडल्याच पाहिजेत." (खरंय, बी धरलं की रोप लवकर म्हातारं होतं.) शिवाय एकादशीला मांडवीच्या विठ्ठल मंदिरात त्या मंजिऱ्या नेतात. विठोबापुढे माझी माशी काय टिकणार!

शेवटी वृंदावनातली तुळस त्यांची, सब्ज्याचे डबे माझे. आता डबे अकरा झालेत. डबल झेंडू दाराच्या तोरणाला गेला.

परवा एकादशीला त्या परडी घेऊन वृंदावनाशी बराच वेळ नुसत्याच उभ्या दिसल्या. म्हटलं, "आई, काय झालं?"

"थांब गं, हिचं आटपू दे. शेंड्याची दोनच राहिलीत."