मळहात

परवा मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला एक काकू दुकानात आल्या. मंगळवारची दुपार म्हणजे आमच्याकडे माश्या मारायची वेळ, आणि मॉलमध्ये माश्याही नसतात. काकू बाहेरच्या उन्हातून नुसत्या एसीसाठी आत शिरल्या असाव्यात. पण एसीसाठी शिरलेलं माणूस दोन मिनिटांनी काहीतरी विचारतंच, नाहीतर त्याचं त्यालाच चोरट्यासारखं वाटतं. त्यांनी एक लिपस्टिक उचलली, किंमत वाचली, जागच्या जागी नीट ठेवली. मी म्हटलं, "लावून तर बघा काकू, बघायला पैसे नाहीत." टेस्टर उघडला आणि म्हटलं, "हात द्या."

त्यांनी हात दिला तो तळवा वर करून. पळीतून तीर्थ पडणार असल्यासारखा, मधोमध खळगा करून.

नऊ वर्षांत माझ्यापुढे इतके हात आले, सगळे उपडे. मी तो हलकेच उलटा केला. "मळहातावर लावतात, काकू," असं तोंडातून निघून गेलं आणि माझं मलाच नवल वाटलं. हा शब्द मी शेवटचा कधी उच्चारला होता?

तळहाताचं बरं चाललंय. सकाळी उठल्या उठल्या त्याचं दर्शन घ्यायचं, ज्योतिषाने तोच बघायचा, मेंदी आधी त्यावर, मास्तरांची छडीही त्यावरच. एखाद्याला जपायचं तर तेसुद्धा तळहातावरच्या फोडासारखं. मळहाताच्या नावाने एक म्हण मला आठवत नाही. आमच्या धंद्याचा सगळा कारभार मात्र त्याच्यावर.

मी बीए आहे. म्हणजे शिकले बी.कॉम., पण नोकरीत बीए, ब्युटी अ‍ॅडव्हायझर. आई चाळीत बरेच दिवस "आता बीए आहे" एवढंच सांगायची आणि शेजारणी विचारायच्या, परत? दुकान लोअर परळच्या एका मॉलमध्ये. गिरणीच्या जागेवर मॉल, आजोबा साचे चालवायचे, नात लिपस्टिक विकते, हा मजकूर तुम्ही शंभरदा वाचला असेल. तो आमच्याकडेही आहे. सोडून देते.

माझ्या डाव्या मळहातावर दिवसभरात सात-आठ पट्टे पडतात. गिऱ्हाईक बिचकलं की आधी आपल्या हातावर ओढून दाखवायची. लाल, विटकरी, चॉकलेटी, आणि हल्लीचा तो न्यूड, जो लावला की बाई तापातून उठल्यासारखी दिसते असं माझं खासगी मत आहे आणि महिन्याचं टार्गेट मी त्याच्यावरच काढते. मॅट लिक्विड एकदा सुकली की साबणाला दाद देत नाही. काउंटरवर दिवसभर मेकअप रिमूव्हर विकायचा आणि घरी येऊन खोबरेल तेलाने हात चोळायचा. हे मॅनेजरला सांगू नका.

फाउंडेशन मात्र मळहातावर बघू नये. हात उन्हातान्हात फिरलेला असतो, त्याचा रंग चेहऱ्याशी जुळेलच असं नाही. ते जबड्याच्या कडेला लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कारण हवेने त्याचा रंग थोडा गडद होतो, आणि मग दुकानाचे दिवे सोडून बाहेर उजेडात जाऊन बघायचं. मी हे सगळ्यांना सांगते. थांबत कुणी नाही. मनगटाच्या आतल्या शिरा हिरवट दिसल्या तर वॉर्म आणि निळसर दिसल्या तर कूल, असंही ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. एका आजींना तसं सांगायला गेले तर म्हणाल्या, "शिरांचं डॉक्टर बघतील, तू पावडर दे."

शेडची नावं हनी, आमंड, टॉफी, कॅरॅमल. सगळी खाण्याची. सुरुवातीला मला त्याचा राग यायचा. मग लक्षात आलं, आपला 'गव्हाळ' काय वेगळा आहे? आपण तर मुलीला थेट धान्याच्या कणगीत बसवलं. आणि 'निमगोरी' हा शब्द कुठल्या कंपनीला सुचेल? अर्धी गोरी. उरलेल्या अर्ध्याचं काय ते सासरच्यांनी ठरवायचं. फेअर अँड लव्हली १९७५ साली आली, २०२० साली तिने नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' लावलं. पण "एक शेड उजळ दाखव ना" हे काउंटरवरचं वाक्य जिथल्या तिथे आहे.

काकूंनी विचारलं, "लॅक्मेची आहे का?" त्यांच्या पिढीत लिपस्टिक म्हणजे लॅक्मे, जसं वनस्पती तूप म्हणजे डालडा. टाटांनी १९५२ साली काढलेली कंपनी, पुढे विकली. नाव एका फ्रेंच संगीतिकेवरून घेतलेलं, आणि ते म्हणजे आपल्या लक्ष्मीचंच फ्रेंच रूप. हे कळलं तेव्हापासून माझा एक चाळा आहे: सकाळी तळहातात लक्ष्मी बघून घराबाहेर पडायचं आणि दिवसभर ती मळहाताला फासायची.

काकूंचा हात धरला तेव्हा अंगठ्याखालचं हाड माझ्या बोटांना लागलं आणि मला आमची कासारीण आठवली.

श्रावणाच्या तोंडावर ती आमच्या काळाचौकीच्या चाळीत यायची. काखेत बोचकं, बोचक्यात दोरीत ओवलेल्या बांगड्यांच्या माळा. गॅलरीत फतकल मारून बसायची. तिने कधी कुणाच्या तोंडाकडे बघितलेलं मला आठवत नाही. हात हातात घ्यायचा, अंगठा आत दुमडायचा, मळहात दोन्ही बाजूंनी चेपायचा आणि म्हणायची, "दोन-चार." नाहीतर, "दोन-सहा. अंग धरलंयस गं." आई म्हणायची, "गडद हिरव्या काढ, पोपटी नको." मग ती विचारायची, सासूबाईंचं दुखणं कसं आहे? आई सांगायला लागायची, गुडघ्याचं म्हणजे काय झालं, की तेवढ्यात बांगडी हाड ओलांडून मनगटात. गुडघा अर्ध्यावर आणि आईच्या तोंडून "आई गं!"

मीही तेच करते. आयलायनर लावताना विचारते, "मुलं कितवीला?" प्रश्न आला की माणूस पापणी फडफडवायचं विसरतं. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

भरताना एखादी बांगडी फुटली तर कासारीण "वाढवली" म्हणायची आणि हिशेबात धरायची नाही. सगळ्या भरून झाल्या की आई तिला वाकून नमस्कार करायची. ती आईपेक्षा चार-पाच वर्षांनी लहानच असेल. तरी. माझ्याकडे बायका पाऊण तास शेड बघतात, खोक्याच्या मागचा फोटो काढतात आणि "ऑनलाइन बघते हं" म्हणून जातात. चालायचंच.

कासारीण बसून काम करायची, हाही एक फरक. आमच्या काउंटरला उंच स्टूल आहे, ते गिऱ्हाइकाचं. आम्ही नऊ तास उभ्या. मी आधी जिथे होते तिथे तर दुकान रिकामं असताना काउंटरला टेकलं तरी कॅमेऱ्यात बघून फोन यायचा. आमच्यातली एक मल्याळी पोरगी सांगते, तिच्याकडे कापडदुकानांतल्या बायकांनी यावरून भांडण मांडलं आणि केरळने २०१८ साली दुकानातल्या कामगारांना बसायची सोय दिलीच पाहिजे असं कायद्यात घातलं. २०२१ साली तमिळनाडूनेही केलं. ती हे अशा थाटात सांगते की जणू ती खुर्ची तिनेच गावाहून डोक्यावर आणलीय. आणि सांगताना उभीच असते.

काकूंनी पाच शेड लावून बघितल्या. विटकरीपाशी जरा रेंगाळल्या. घेतली नाही. "सून म्हणेल, या वयात हे काय." मी वाइप पुढे केला तर नको म्हणाल्या, आणि तो पट्ट्यापट्ट्यांचा हात पदराखाली घेऊन निघून गेल्या.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आई आठ दिवस दवाखान्यात होती. मी दुकान बंद झालं की तशीच, युनिफॉर्मवर, जायची. एका रात्री सलाईनची सुई निघाली आणि सिस्टर नवी शीर शोधायला बसल्या. आईचा मळहात चेपून, चापट मारून, दिव्याखाली धरून. आदल्या दिवशीच्या जागा निळ्याजांभळ्या, कडेने पिवळट पडलेल्या, आणि माझ्या डोक्यात, देवाशपथ, शेडचे नंबर आले. दोनदा सुई टोचून झाली, दोनदा शीर निसटली. आईने हात आखडून घेतला.

मी म्हटलं, "आई, आपली ती कासारीण मूळची कुठली होती गं?"

"ती?" आईने डोळे उघडले. "ती जुन्नरकडची. तिचा नवरा आधी..." आणि मग, "आई गं!"

सुई आत होती. सिस्टर पट्टी चिकटवता चिकटवता माझ्या हाताकडे बघून दचकल्या. "तुम्हाला काय लागलंय हे?"

"लिपस्टिक."

त्या हसल्या. मग जरा वेळाने, ट्रे आवरताना, आवाज उतरवून म्हणाल्या, "मला कुठली बरी दिसेल हो?"

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. पलीकडच्या खाटेवरच्या बाई कण्हत होत्या. मी म्हटलं, "ग्लव्ह काढा."

आई डोळे मिटूनच म्हणाली, "गडद दे तिला. पोपटी नको."