कार्बोरेटर साफ केलं आणि गाडी मेली

उन्हाळ्यात सोलापुरात दुपारी एक ते चार गॅरेजला सहसा कुणी फिरकत नाही. त्या दिवशी भर उन्हात एक अण्णा जुनी स्प्लेंडर ढकलत आले. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात माग चालवतात.

"मालक, कार्बोरेटर घरीच साफ केलं बघा. तेव्हापासून किक मारून मारून पाय गेला." कार्बोरेटर म्हणजे इंजिनला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा भाग.

गाडी बरेच दिवस उभी होती, त्यामुळं कार्बोरेटरच्या खालच्या, पेट्रोल साठणाऱ्या वाटीत गाळ बसलेला. अण्णांनी जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाच्या नळ्या, काढले, स्प्रे मारला, सगळं पुसून पुन्हा बसवलं. काम व्यवस्थित केलं होतं. एक्सिलेटरनं वरखाली होणारी स्लाइड उलटी नव्हती आणि इंजिनकडच्या जोडाची, मॅनिफोल्डची, ओ-रिंगही जागेवर होती. मधे एका गॅरेजवाल्यानं नवा प्लग टाकला, तरी चालू होईना, तेव्हा 'बोअर-पिस्टन करावं लागेल', म्हणजे इंजिन खोलायचं काम, म्हणून सांगितलं. असलं ऐकलं की माझं डोकं फिरतं. उभी राहण्याआधी नीट ओढणाऱ्या गाडीचा पिस्टन कार्बोरेटर काढून लावल्यानं झिजतो होय?

प्लग काढून भोकावर अंगठा दाबला आणि किक मारायला लावली. आतल्या हवेनं अंगठा बाजूला ढकलला. म्हणजे कॉम्प्रेशन, पिस्टनचा दाब, आहे. प्लग हेडला टेकवून बघितला, निळी ठिणगी. पण प्लगचं टोक कोरडं ठणठणीत! थंड इंजिनला जादा पेट्रोल मिळावं म्हणून असतो तो चोक ओढून एवढ्या किका मारल्यावर तो पेट्रोलनं ओला व्हायला पाहिजे. वाटीचा ड्रेन स्क्रू सैल केला तर पेट्रोल धार धरून आलं. म्हणजे टाकीपासून वाटीपर्यंत रस्ता मोकळा, अडलंय ते वाटीच्या पुढं.

तेवढ्यात अण्णा सहज बोलून गेले, "उतारावर धक्का मारला, एक्सिलेटर पिळून धरला, की चालते. सोडला की गप."

खरं तर हे आल्या आल्या सांगायला पाहिजे होतं. एक्सिलेटर बंद असताना इंजिनला पेट्रोल मिळतं ते पायलट जेटच्या बारीक वाटेनं. पिळल्यावर स्लाइड वर जाते आणि मेन जेटचं काम सुरू होतं. पिळून चालते आणि सोडल्यावर मरते, म्हणजे खोट पायलटच्या वाटेत.

"पायलट जेट तीनदा साफ केलाय, मालक. उजेडात धरून बघितलाय."

मीही धरला. आरपार उजेड दिसत होता. पण जेट ही वाटेची फक्त सुरुवात. पुढं कार्बोरेटरच्या अंगातून नाळ जाते आणि स्लाइडच्या पलीकडं, इंजिनच्या बाजूला, टाचणीच्या टोकाएवढ्या भोकात उघडते. जेट काढून त्याच्या जागी स्प्रेची नळी लावली आणि दाबली. त्या भोकातून फवारा यायला पाहिजे होता, आला एक ओघळ. या वाटेतलं पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू किती फेरे आत जातो ते मोजून ठेवलं, मग तो काढला आणि हवा उलटी मारली, इंजिनकडच्या भोकातून जेटकडं. अशा ठिकाणी तार घालणारे भेटतात. त्यानं भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची पेट्रोल पिते.

दुसऱ्या फुंकरीला नाळेतून काहीतरी बाहेर पडलं. पांढऱ्या कागदावर घेतलं तर केसासारखा लाल तंतू, पेट्रोलमधे भिजून गोळा झालेला.

"पुसायला काय वापरलं, अण्णा?"

"कारखान्यातलं वेस्ट, उरलेलं सूत. चांगलं मऊ असतं की."

टॉवेलचं सूत मऊ असतं, पाणी शोषायला म्हणून मुद्दाम सैल पिळाचं घेतात, त्यामुळं तंतूही सुटतात. बाहेरून इंजिन पुसायला ते झकास, माझ्याकडंही पोतंभर पडलेलं असतं. पण कार्बोरेटरच्या आत कापड घालायचंच नाही. स्प्रे मारायचा आणि हवेनं वाळवायचं, बास.

स्क्रू मोजलेल्या फेऱ्यांवर परत बसवला. दोन किका रिकाम्या गेल्या, तिसरीला उठली. गरम झाल्यावर आयडलिंग, म्हणजे एक्सिलेटर सोडल्यावरचा वेग, लावून दिलं.

2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 हा धुराचा नियम आला, नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर बसले आणि असली कामं कमी झाली. माझ्याकडचा पोरगा स्कॅनर झटकन लावतो, पण कार्बोरेटर म्हटलं की लांब पळतो. त्या दिवशी मात्र त्याला शेजारी बसवून प्रत्येक भोकातून हवा मारायला लावली, कुठून शिरते आणि कुठून निघते ते तोंडानं सांगत.

अण्णांचा जुना प्लग डिकीत कागदात गुंडाळलेला होता. बघितला तर चांगला होता. साफ करून परत दिला, राहू द्या म्हटलं, कामाला येईल. दुसऱ्या पाळीची वेळ झाली होती, त्यामुळं पैशाची घासाघीस काही झाली नाही.