टाऊन हॉलच्या बागेतला मातीचा कान

पैलवान मामांचा उजवा कान शिल्पकारानं तिसऱ्यांदा काढून टाकला, गोळा तळहातावर मळला आणि पुन्हा लावायला घेतला. मामा समोर खुर्चीत ताठ बसले होते. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला तांबडा फेटा, दोन्ही हात मांड्यांवर. त्यांचे खरे कान आयुष्यभर तालमीच्या मातीत आणि समोरच्याच्या खांद्याखाली रगडून निघालेले. पाळी आत वळलेली, कड जाड होऊन मिटलेली, मधली खोबण जवळजवळ बुजलेली. असा कान मातीत उतरवणं सोपं नव्हतं. भोवती गवतावर वीस-पंचवीस माणसं बसून ते बघत होती. पलीकडे छोट्या व्यासपीठावर तानपुरे लागले होते आणि तोडीचा आलाप हळूहळू वर चढत होता.

कोल्हापुरात ‘रंगबहार’ ही कलावंतांची संस्था ‘मैफल रंगसुरांची’ भरवते. टाऊन हॉलच्या बागेत, झाडांखाली, उघड्यावर. एकीकडे गाणं चालू असतं आणि त्याच वेळी चित्रकार चित्रं काढतात, शिल्पकार माती थापतात, रांगोळीवाले रांगोळी घालतात. तिकीट नाही, दार नाही. कुणीही यावं, हव्या त्या चित्रापाशी उभं राहावं.

मी पुस्तकांची मुखपृष्ठं करते. पुण्या-मुंबईतली डिझाइनवरची भाषणं, परिषदा, अक्षरांवरच्या कार्यशाळा मी शक्यतो सोडत नाही आणि त्यांचं माझ्यावर ऋण आहे. अक्षरातल्या मोकळ्या जागेकडे बघायला मला एका भाषणानंच शिकवलं. पण गेल्या वर्षभरात वहीतल्या नोंदी वाढत होत्या आणि मुखपृष्ठं मात्र एकमेकांची भावंडं वाटायला लागली होती. एका संपादकांनी मुखपृष्ठ परत पाठवताना लिहिलं, ‘छान आहे, पण हे तुम्ही आधी केलंय.’ खरं होतं, म्हणून फार लागलं. त्या रात्री मावशीला फोन केला. ती म्हणाली, “रविवारी टाऊन हॉलला चित्रं काढत्यात आणि गात्यात. तू ये. मी डबा घेऊन येतो.” (जुन्या कोल्हापुरातल्या बायका स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. मावशीचं ते ‘येतो’ कानावर पडलं की मला पोचल्यासारखं वाटतं.)

शनिवारी रात्री स्वारगेटहून एसटी धरली. पहाटे कोल्हापुरात उतरले तेव्हा चांगलीच थंडी होती. मंगळवार पेठेत मावशीकडे आंघोळ, चहा, पोहे, आणि नऊच्या आत आम्ही बागेत.

टाऊन हॉलची इमारत 1872 ते 1876 या काळात उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँट यांचा. नवा राजवाडाही त्यांचाच. उतरती टोकदार छपरं, कमानी, काळा दगड. एक जलरंगकार तीच छपरं रंगवत होते. मी आधी त्यांच्यामागे अर्धा तास उभी राहिले. त्यांनी कागद ओला करून आभाळ सोडलं आणि मग बराच वेळ काहीच केलं नाही. नुसते गाणं ऐकत बसले. मला वाटलं, गाण्यात रमले. पण ते कागद किती सुकतोय ते बघत होते. बोटाची मागची बाजू कागदाला लावून बघितली आणि छपराची कड एका फटक्यात ओढली. ती कड एका बाजूला धारदार आणि दुसऱ्या बाजूला आभाळात विरघळलेली आली. बाजूच्या पोरानं विचारलं, “काका, हे मुद्दाम केलं का?” ते म्हणाले, “निम्मं.”

तिथून शिल्पकारापाशी गेले आणि मग हललेच नाही.

लाकडाच्या खुंट्यावर तारेचा सांगाडा, त्यावर मातीचे गोळे दाबून दाबून बसवलेले. सुरुवातीला डोकं म्हणावं असं काहीच नव्हतं, नुसता एक ढेकूळ आणि खाली मान. शिल्पकार सारखे जागा बदलत होते. समोरून एक गोळा लावला की बाजूला जाऊन बघायचे, मग पाठीमागे. मामांना मागूनही बघायचे. लाकडी पट्टीनं माती चोपत होते, हनुवटीखाली अंगठा आतून बाहेर ओढत होते. तासाभरात त्या ढेकळातून मामांचा जबडा आला. डोळे नाहीत, ओठ नाहीत, तरी बघणारे म्हणायला लागले, “आले मामा!”

अडलं ते कानापाशी. तीनदा लावला, तीनदा काढला. शेवटी एका शाळकरी मुलीनं विचारलंच, “कान का बसंना?” शिल्पकार हात न थांबवता म्हणाले, “बाळ, कानाची घाई मी केली. जबडा कुठं संपतो आणि मान कुठं सुरू होते हे आधी पक्कं व्हायला पाहिजे. तेवढं झालं की कान कुठं बसायचा ते डोकंच सांगतं.” मग त्यांनी कानाला हात लावलाच नाही. मानेची शीर केली, जबड्याचा कोन थोडा मागे नेला, कवटीचा फुगा वाढवला. पुन्हा कानाकडे आले तेव्हा तो पहिल्या फटक्यात बसला.

मी वही काढली आणि एवढंच लिहिलं, ‘मी कानापासून सुरुवात करते.’ माझी गेल्या वर्षीची सगळी मुखपृष्ठं डोळ्यांसमोर आली. प्रत्येकात आधी शीर्षकाच्या अक्षरांची एखादी करामत सुचलेली आणि मग बाकीचं पुस्तक तिच्याभोवती कसंबसं बसवलेलं.

गाणं संपलं तसे मामा उठले, पुतळ्याला फेरी मारून आले. एक हात स्वतःच्या उजव्या कानावर आणि दुसरा मातीच्या कानाजवळ, पण न लागेल इतका लांब. म्हणाले, “बरोबर हाय. ह्यो एकाहत्तर सालचा. डावा शिकतानाच गेल्ता.” कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मामांनी शिल्पकाराचा मातीनं भरलेला हात दोन्ही हातांत घेतला.

डबा खाऊन झाल्यावर टाऊन हॉलच्या संग्रहालयात चक्कर मारली. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची मूर्ती तिथं आहे. समुद्राचा हा ग्रीक देव पंचगंगेच्या काठी व्यापारातून पोचला. मूर्ती हातात मावेल एवढी, पण उचललेल्या हाताचा तोल बघत मी बराच वेळ थांबले. बाकी संग्रहालय त्या दिवशी माझ्याकडून घाईत झालं.

दुपारी चप्पल लाईन. मावशीला चप्पल घ्यायची होती आणि तिच्या ओळखीचे कारागीर दुकानामागेच काम करत बसले होते. रापी, आरी, पाण्यात भिजवलेलं कातडं, बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या चामड्याचा तो उग्र, ओला वास. वेणीचं काम त्यांच्या पत्नी करत होत्या. चामड्याच्या बारीक पट्ट्या हातात अशा फिरत होत्या की मला एकही पेड धरून ठेवता आला नाही.

आणि इथंही गाठ कानाशीच पडली. चप्पलच्या दोन्ही बाजूंना पट्टा धरणारे जे फाळके असतात त्यांना कानच म्हणतात. ते तळाच्या थरांमध्ये घालून चामड्याच्या वादीनं शिवतात, खिळा नाही. मी विचारलं, चप्पलमध्ये सगळ्यांत अवघड काय? मला वाटलं होतं, वेणी म्हणतील. ते म्हणाले, “कानाची जागा. जरा पुढं गेला की पट्टा हाडावर चढतो. नक्षी कशी का असंना, माणूस आठ दिवसांत चप्पल काढून ठेवतो.” मावशीचा पाय त्यांनी कागदावर ठेवून घेतला, पेन्सिल फिरवली आणि अंगठ्याजवळ एक खूण केली. ती खूण कशाची, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांचं लक्ष मोडवेना.

कोल्हापुरी चपलेला 2019मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. जून 2025मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तसल्याच चपला चालवल्या, पण त्या कुठल्या हे सांगितलं नाही. इकडे संताप झाला, मग कंपनीनं भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. मी ते त्या कारागिरांना विचारलं. “बघितलं की मोबाईलवर,” ते म्हणाले आणि आरी पुन्हा चामड्यात घातली. प्रेरणा आम्ही डिझायनर लोक रोजच कुठून ना कुठून घेतो. ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव घ्यायला काहीही लागत नाही, आणि तरी ते राहून जातं. माझ्याकडूनही राहिलं आहे. पुढच्या पुस्तकापासून श्रेयनामावलीत ते लिहायचं, असं मी तिथंच ठरवलं.

संध्याकाळी मावशीनं मला खरी कॉर्नरला नेलं. तिथं कॅमेरा स्तंभ आहे. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली. आनंदराव आणि बाबूराव हे दोघे पेंटर बंधू मुळात नाटकांचे पडदे रंगवणारे. गायक-नट केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श या नाटक कंपनीचे पडदेही त्यांनी रंगवले. पुढे त्यांना सिनेमाचा ध्यास लागला आणि त्यांनी स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव 1916 साली गेले तेव्हा कॅमेरा अर्धवटच होता. बाबूरावांनी सहकारी दामल्यांना बरोबर घेऊन तो पुरा केला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ हा मूकपट पडद्यावर आला. रंगाचा ब्रश धरणारा माणूस लोखंडाच्या चाकापर्यंत आणि भिंगापर्यंत पोचला, याचं मला फार अप्रूप वाटतं. मला वाटतं, तो पोचला कारण चित्रकार, नट, गवई, सुतार आणि लोहार हे सगळे त्याच्या रोजच्या वाटेवर होते. आमच्या परिषदांना आम्ही सगळे एकाच धंद्यातले जमतो, एकमेकांचं कौतुक करतो आणि तीच चार उदाहरणं घेऊन घरी जातो. पैलवानाचा कान तिथं कोण दाखवणार?

अंधार पडता पडता केशवराव भोसले नाट्यगृहापाशी आलो. शाहू महाराजांनी उभं केलेलं हे पॅलेस थिएटर 1915 साली खुलं झालं आणि नंतर त्याला केशवरावांचं नाव मिळालं. 8 ऑगस्ट 2024च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. पलीकडे खासबागचं कुस्तीचं मैदान, दोन्हींच्या पाठी एकमेकांना लागलेल्या. नाटक आणि कुस्ती एकमेकांना इतकी चिकटून मी दुसरीकडे कुठं पाहिली नाहीत.

मावशी फाटकाबाहेर थांबली. मावशीचे यजमान तरुणपणी हौशी नाटकांत पडदा ओढायला इथं यायचे, हे मला माहीत होतं. ती म्हणाली, “शेवटच्या रांगेत बसलो तरी सगळं ऐकायला यायचं बघ. नटानं उसासा टाकला तरी.” मग बराच वेळ गप्प. “त्या रात्री मी इथंच उभा होतो. अख्खी पेठ आली होती. म्हातारे नट रस्त्यावर बसून रडत होते.”

मी तिचा हात धरला. नव्या चपलेचं माप दिलेला कागद अजून तिच्या पिशवीतून डोकावत होता.

“बांधून झालं की पहिल्या नाटकाला ये,” ती म्हणाली. “मी तिकीट काढून ठेवतो. मागच्या रांगेतलं काढतो, ऐकायला येतंय का बघू.”