एका रुपयाचा फरक आणि रिपॉझिटरी

लातूरच्या मोंढ्यातील, म्हणजे धान्यबाजारातील, एका आडत दुकानासाठी मी हिशोबाचे सॉफ्टवेअर लिहिले, तेव्हा पट्टी (शेतकऱ्याला दिला जाणारा विक्रीचा हिशोब) तयार करणाऱ्या स्क्रीनच्या कोडमध्येच डेटाबेसच्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या सूचना, लिहून टाकल्या होत्या. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक वाढली आणि एका संध्याकाळी मुनिमांनी एकाच शेतकऱ्याच्या तीन पट्ट्या व त्याचा खातेउतारा माझ्यापुढे ठेवला. "सर, पट्ट्यांवरची हमाली चौपन्न होतीय अन् खात्यावर पंचावन्न. असं कसं?"

प्रत्येक पट्टीवर हमाली १८ रुपये ४० पैसे निघत होती. पट्टीचा कोड ती १८ वर आणत होता. खातेउताऱ्याची क्वेरी मात्र आधी बेरीज करून ५५ रुपये २० पैशांचे ५५ करत होती. फरक रुपयाचाच, परंतु ज्याने हंगामाचा सगळा माल या काट्यावर घातला आहे, त्याला त्या रुपयाचाही जाब द्यावा लागतो. आणि हमालीचा नियम माझ्याच कोडमध्ये दोन ठिकाणी दोन रूपांत असल्यामुळे मला तो देता आला नाही.

सॉफ्टवेअरच्या रचनेवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलर यांच्या २००२ सालच्या पुस्तकात ज्या रचनेला रिपॉझिटरी (हिशोबाचा कोड आणि डेटाबेस यांच्यामधला थर) म्हटले आहे, ती मी त्यानंतर मनापासून स्वीकारली. हिशोबाचा कोड फक्त 'या शेतकऱ्याच्या पैसे चुकते न केलेल्या पट्ट्या दे' एवढेच मागतो. त्या कोणत्या टेबलातून आणि कोणत्या क्वेरीने येतात, हे रिपॉझिटरीच्या आतच राहते. मेथडची, म्हणजे रिपॉझिटरीला सांगायच्या कामांची, नावे टेबलांवरून न ठेवता मोंढ्याच्या बोलीतून ठेवावीत, असे माझे ठाम मत आहे, कारण प्रत्येक टेबलामागे एकसारख्या चार मेथड लिहिल्या की क्वेरीच वेगळ्या वेषात परत येते. कमिटही, म्हणजे नोंदी डेटाबेसमध्ये कायम करण्याचे कामही, रिपॉझिटरीने करू नये. पट्टी आणि उचलीची वजावट एकत्र नोंदली गेली पाहिजे, आणि तो निर्णय हिशोबाच्या थराचा आहे.

याचा उपयोग पुढच्या हंगामात दिसला. तोवर वापरत असलेल्या एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो, त्यामुळे तीन संगणकांवरून पट्ट्या निघू लागताच नोंदी अडकू लागल्या. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर जाताना रिपॉझिटरीच तेवढ्या नव्याने लिहाव्या लागल्या. हमालीच्या कोडची एक ओळही बदलली नाही.

पूर्णांक कुठे करायचा, हे मुनिमांनी ठरवले: शेतकऱ्याच्या हाती पट्टी असते, म्हणून पट्टीवरच. त्या तीन पट्ट्या मी मेमरीतल्या रिपॉझिटरीत ठेवून चाचणी लिहिली आहे. ती डेटाबेसशिवाय चालते, आणि तिचे अपेक्षित उत्तर ५४ आहे.